मुलीला कोणी सांगायचं

परदेशात आपली माणसं कशी धावून येतात, याचं कौतुक पूर्वी मी स्वतःच करायचे. आता कोणी करायला लागलं की माझं डोकं तापतं. धावून आम्ही आलोच होतो, त्यात खोटं काही नाही. एका सात वर्षांच्या मुलीचा बाप अचानक गेला, तेव्हा बॉथेल, बेलव्ह्यू या इथल्या उपनगरांतली आणि आसपासची चाळीसेक घरं दोन तासांत कामाला लागली. आणि त्याच चाळीस घरांनी मिळून सात आठवडे त्या मुलीला फसवलं. त्यात माझंही घर होतं. तेव्हा हे लिहिणं दुसऱ्यांना नावं ठेवायला आहे तसं मला स्वतःलाही आहे.

तो शनिवारी सकाळी बॅडमिंटन खेळताना कोर्टवरच पडला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस. समोर माझा नवरा खेळत होता. त्याला आधी वाटलं, पाय घसरला. अँब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं आणि दुपारी बारापर्यंत सगळं संपलं. त्याची बायको मला ताई म्हणायची. तो, ती आणि मी, तिघंही नागपूरचे. नात्याचे नाही, पण एकाच बुद्धविहाराच्या आसपास वाढलेले. ती इंजिनिअर असूनही इथे नोकरी करू शकत नव्हती, कारण तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला होता. म्हणजे तो गेला त्या क्षणी तिच्या इथे राहण्याचंही काही खरं राहिलं नाही.

आम्ही बायका त्यांच्या घरी पोचलो तेव्हा मुलगी घरात नव्हती. वर्गातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाला गेली होती. तीन वाजता ती परत येणार होती आणि आल्यावर तिला काय सांगायचं, हा प्रश्न पंधरा माणसांच्या डोक्यावर बसला. आई सोफ्यावर भिंतीकडे बघत बसलेली. तिला विचारायची कोणाची छाती झाली नाही.

इतर मराठी घरांत अशा वेळी एक वाक्य तयार असतं. बाबा देवाघरी गेले, बाप्पाने बोलावून घेतलं. ते खरं असो नसो, मुलाला एवढं तरी कळतं की हा माणूस आता परत यायचा नाही. आमच्याकडे ती सोय नाही. देव नाही, आत्मा नाही, स्वर्ग नाही, हे आम्ही पोरांना पाळण्यापासून सांगतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. मला आजही आहे. तेव्हा देवाघरचं, आकाशातल्या ताऱ्याचं काही सांगायचं नाही, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. मग उरलं काय? खरं. ते मात्र कोणाच्या तोंडून निघेना. शेवटी आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका, तीस वर्षं इथे राहिलेले, ज्यांच्या शब्दाला सगळे मान देतात, ते म्हणाले, "सध्या इंडियात गेले म्हणून सांगू. अर्जंट काम निघालं. नंतर बघू." सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. अंधश्रद्धा नको म्हणून आम्ही थाप मारली आणि वर स्वतःला विवेकी समजलो.

मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. मी काय केलं, तर लॅपटॉप उघडला. मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. तिथेच डायनिंग टेबलवर मी एक शीट तयार केली. काम काय, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. हॉस्पिटलचे कागद, भारतात कळवणं, तिच्या दिराचं तिकीट, अंत्यविधी, वकील, सकाळचा डबा, संध्याकाळचा डबा, मुलीला शाळेत सोडणं, आणणं. लिंक ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत बहुतेक ओळींपुढे नावं पडली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता, हे सांगायलाही लाज वाटते. सगळ्यात शेवटी मी एक ओळ लिहिली होती: मुलीला सांगणे. तिच्यापुढे कोणाचं नाव पडलं नाही.

अंत्यविधी झाला त्या दिवशी मुलगी शाळेत होती. नंतर एक हॉल घेऊन आम्ही पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठेवला. जवळच्या श्रीलंकन विहारातून भंतेजी आले होते. जन्मलेलं सगळं नाश पावतं, त्याकडे डोळे उघडे ठेवून बघावं, असं ते शांतपणे बोलले आणि चाळीस घरांनी माना डोलावल्या. ज्या मुलीचा बाप फोटोत होता ती त्या वेळी माझ्या मुलीबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. तशी व्यवस्था शीटमध्ये होती, आणि तिच्यापुढे 'झालं' असं मीच लिहिलं.

माझी मुलगी तेरा वर्षांची. ती घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "मॉम, धिस इज सो मेस्ड अप." मी तिला गप्प केलं. मोठ्यांच्या गोष्टी तुला कळायच्या नाहीत, असं मी तिला मराठीत सांगितलं आणि त्यावर ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. आम्ही आपल्या पोरांनाही बजावून ठेवलं होतं. नऊ-नऊ, दहा-दहा वर्षांची मुलं, त्यांना समोर उभं करून सांगितलं की तिच्याजवळ एक अक्षर बोलायचं नाही. ज्या तोंडांनी आम्ही त्यांना रविवारी पंचशील म्हणायला लावतो, त्यात खोटं न बोलण्याचं एक शील आहे, त्याच तोंडांनी.

आता थाप म्हटली की ती एकटी राहत नाही. बाबा इंडियात गेले, तर फोन का करत नाहीत? त्यांचा फोन बिघडला. मग आजीच्या फोनवरून का नाही? ते गावाकडे आहेत, तिथे नेटवर्क नाही. जो डबा घेऊन जाई, तो एक नवी थाप ठेवून येई. मुलगी हुशार. तिने वेळेचा हिशेब शोधून काढला. इथे सकाळचे साडेसहा म्हणजे तिथे संध्याकाळचे सात. म्हणजे बाबांचं काम संपलेलं असणार, जेवायला अवकाश असणार. ती रोज साडेसहाला उठून, दात घासून, केस विंचरून आईचा फोन समोर घेऊन बसायला लागली. शाळेची बस येईपर्यंत. हे मला तिच्या आईने डब्याचं झाकण उघडता उघडता सांगितलं. मी म्हणाले, बिचारी, आणि घरी निघून आले.

त्यातच आमच्यातल्या एका तरुणाने कमाल केली. कामाला चांगला, स्वभावाने गरीब, एरवी त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. त्याने ग्रुपवर लिहिलं की त्याच्याकडे गेल्या वर्षीच्या पिकनिकचे व्हिडिओ आहेत. त्यातून हुबेहूब बाबांचा आवाज तयार करता येईल. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, 'बेटा, मी बिझी आहे, लव यू', तेवढाच पोरीला धीर. मी वाचलं आणि फोन आदळला. माझ्या आधी चार जणांनी त्याला अंगठे दाखवले होते, वर केलेले! तोवर ग्रुपवर एक शब्द न लिहिलेल्या तिच्या आईने तेव्हा पहिल्यांदा लिहिलं: "माझ्या नवऱ्याचा आवाज कोणी काढायचा नाही." त्यावर अर्धा दिवस ग्रुप गार पडला. मग कोणीतरी पुढच्या आठवड्याच्या डब्यांचं विचारलं आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

महिन्याने शाळेतून आईला बोलावणं आलं. बरोबर मी गेले. शाळेला खरं काय ते पहिल्याच आठवड्यात कळवलेलं होतं, आणि मुलीला काही सांगू नका अशी विनंतीही आम्हीच केली होती. समुपदेशक बाई साठीच्या, साध्या. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा होता, तो त्यांनी आमच्याकडे सरकवला आणि मग बोलल्या. मुलगी जॅकेटची बाही चावते, बाहीला भोकं पडेपर्यंत चावते. मधल्या सुट्टीत बाहेर जात नाही. आणि तिने त्यांना सांगितलं होतं की बाबा का गेले ते तिला माहीत आहे. त्या आदल्या शुक्रवारी तिने बाबांच्या लॅपटॉपवर दूध सांडलं होतं. बाबा ओरडले होते. म्हणून ते निघून गेले आणि अजून रागावलेले आहेत, म्हणून फोन करत नाहीत.

आई तिथे रडली नाही. बाई म्हणाल्या, कारण दिलं नाही की मूल स्वतःचं कारण शोधतं, आणि ते बहुधा स्वतःकडेच येतं. त्यांनी कसं सांगायचं तेही समजावलं. घरातल्या माणसाने सांगावं, सरळ शब्दांत. बाबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे झालं नाही. मग ती जे विचारील त्याचं खरं उत्तर द्यावं. चार वाक्यं. आम्ही चाळीस घरांनी महिनाभर जी टाळली ती एवढीच होती.

परतताना गाडीतच मुलीच्या आईने नागपूरला सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. म्हातारीचा एकुलता नाही, पण थोरला मुलगा गेलेला. तिच्यावर रागावणं मला जमत नाही. ती रडत म्हणाली, "नको सांगू माय, पोरगी तिकडे आजारी पडंल. इकडे आण तिला. मी मांडीवर घेऊन सांगीन." आईने बरं म्हणून फोन ठेवला. वकिलाच्या सांगण्याप्रमाणे त्यांना आता तीन आठवड्यांत निघायचंच होतं.

मी संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, लॅपटॉप, दूध, बाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे इकडचं फॅड आहे, ऊठसूट मुलांना सगळं सांगायचं. आपण लहान असताना कोणी आपल्याला काय सांगितलं होतं, काय बिघडलं आपलं? मी म्हणाले, काका, पुष्कळ बिघडलं, म्हणून तर आपण पंधरा जण मिळून एका पोरीला घाबरलो. ते हसले. काकूंनी चहा आणला. घरचे लोक ठरवतील, आपण मध्ये पडू नये, असं काकू म्हणाल्या. महिनाभर घरातल्या भांड्यापासून वकिलापर्यंत प्रत्येक गोष्टीत आम्ही मध्ये पडलो होतो. पण मी चहा प्यायले आणि निघाले.

घरी येऊन शीट उघडली तर माझी शेवटची ओळ दिसेना. कोणीतरी ती लपवून टाकली होती. विचारलं तर एका काकूने सांगितलं की मुलीची आईही शीट बघते, तिला वाईट वाटायला नको. आता सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे 'झालं', होत्या. मी ती ओळ पुन्हा उघडली, आणि पुढे माझं नाव घालण्याऐवजी 'भारतात गेल्यावर, आजी' असं लिहून ठेवलं. मी मॅनेजर आहे. अडलेलं काम दुसऱ्या टीमकडे कसं ढकलायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

निघायच्या तीन दिवस आधी, रविवारी, नदीकाठच्या पार्कमध्ये निरोपाचं जेवण ठेवलं होतं. कल्पना कोणाची होती, कोण जाणे. केक होता, फुगे होते, वडाभात होता, सावजी मसाल्याची भाजी होती. मुलगी आनंदात होती. इतक्या आठवड्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती. ती बाबांकडे चालली होती. नवा फ्रॉक घालून, हातात एक वही आणि पेन घेऊन ती प्रत्येकाकडे जात होती आणि इंग्रजीत विचारत होती की बाबांना काही मेसेज आहे का. ती लिहून नेणार होती, म्हणजे विसरायला नको.

आणि लोकांनी मेसेज दिले.

मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणाचं ऐकून विश्वास ठेवला नसता. शिकलेली माणसं, मोठ्या मोठ्या कंपन्यांत जबाबदारीच्या जागांवर बसलेली. एक म्हणाला, सांग, पुढच्या वर्षी ट्रेकला जाऊ. एक म्हणाली, सांग, काकू आठवण काढते. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की बाबांना म्हणावं, तब्येत सांभाळा. मुलगी मान खाली घालून एकेक अक्षर लिहीत होती. तिची आई दूर झाडाखाली, पाठ करून उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, टेबल उलथवून द्यावं. सगळ्यांना ओरडून सांगावं की लाज वाटत नाही का.

तेवढ्यात ती माझ्यासमोर आली. वही उघडून, पेन टेकवून. तिने खूप व्यवस्थित नाव लिहिलं होतं माझं, वर, समास सोडून. मी म्हणाले, "सांग, तुमची रॅकेट आमच्याकडे नीट ठेवलीय." रॅकेट आमच्याकडे होती हे खरं होतं. माझ्या नवऱ्याने ती कोर्टवरून आणली होती. ती "ओके, मावशी" म्हणाली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या आईचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. "ताई, मी आज हिला सांगते. रात्रभर पाठ केलंय. तुम्ही या, फक्त बसा. मधे बोलू नका." मी विचारलं, सासूबाईंना? ती म्हणाली, "मग सांगीन. ही नागपूरच्या एअरपोर्टवर बाबांना शोधत फिरेल, ते मला बघायचं नाही." मी कामावर सुट्टी कळवली आणि गेले.

अर्धं घर खोक्यांत गेलेलं होतं. मुलगी गालिच्यावर बसून दूध पीत होती. आई तिच्यासमोर मांडी घालून बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि ती चार वाक्यं मराठीत म्हणाली. बाईंनी शिकवली तशीच, एकही शब्द न गाळता. शेवटी दुधाबद्दल म्हणाली की बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी ते आठवून हसले होते. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही.

मुलीने हात सोडवून घेतले. मग तिने विचारलं की बाबांना दुखलं का. आई म्हणाली, थोडं दुखलं असेल, पण फार वेळ नाही. मग ती आईच्या मांडीवर चढली आणि रडली. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. खोक्यांच्या पलीकडे मी हात बांधून बसले होते आणि माझ्या मनात सारखं हेच येत होतं की हे रडणं सात आठवडे आम्ही हिच्यापासून अडवून धरलं होतं.

रडून झाल्यावर ती उठली, आतून वही घेऊन आली आणि पानं उलटायला लागली. तिचा चेहरा गंभीर झाला होता. ती आईला म्हणाली, "आय कान्ट गिव देअर मेसेजेस. समबडी हॅज टु टेल देम." काकांना कोण सांगणार? आणि ट्रेकवाल्या अंकलना? त्यांना खूप वाईट वाटेल. आपण फोन करून हळूच सांगू या. तिला वाटलं होतं की या लोकांना माहीतच नाही. माहीत असतं तर त्यांनी मेसेज कशाला दिले असते?

आईने माझ्याकडे बघितलं. मधे बोलू नका, असं तिने मला बजावलं होतं, पण आता ती स्वतः बोलू शकत नव्हती. ते उत्तर मी देणं लागत होते. मी खाली गालिच्यावर बसले आणि म्हणाले, "बेटा, त्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"सिन्स व्हेन?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने वहीतलं एक पान काढलं, माझंच, आणि त्याच्यावर बोट ठेवलं. "यू टू?"

"हो. मलाही."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी सॉरी म्हणाले. ते तिने ऐकलं की नाही कळलं नाही. मग तिने आईचा फोन मागितला. ती म्हणाली की तरीही तिला फोन करायचे आहेत. आईने काकांचा नंबर लावून दिला आणि स्पीकर सुरू केला.

दोन रिंगमध्ये काकांनी उचलला. ती काही बोलायच्या आत, नेहमीच्या मोठ्या, प्रेमळ आवाजात म्हणाले, "काय बेटा, झाली का बॅग भरून? बाबा वाट बघत असतील."

ती म्हणाली, "काका, माझे बाबा मेले. तुम्हाला माहीत होतं."

काकूंनी मागून कोण आहे म्हणून विचारलेलं ऐकू आलं. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, मग लाल बटण दाबलं, वहीत पुढच्या नावावर बोट ठेवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तो नंबर लावून दिला.